लोहारमामांची दुपारची रात्र

लोहारमामा गेल्याचं मला गावाकडे कळलं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. माझी रूममेट सरिता कोल्हापुरातच राहिली होती, तिनं वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला. चार ओळी होत्या. त्यांच्या कामाबद्दल 'जुन्या पिढीतील कॅमेरामन' इतकंच लिहिलं होतं. शेजारी त्यांचा फोटो होता. खिडकीपुढं उभं करून काढलेला, मागून भसाभस उजेड आलेला आणि चेहरा नुसता काळा. रडू यायच्या आधी मला वाटलं, मामा आता ओरडणार, "कुणी काढलाय रं ह्यो? उजेड पाठीमागं घिऊन?"

मी त्यांना अडीच वर्षं ओळखत होते. तेवढ्या ओळखीवर कुणाबद्दल लिहावं का, मला खरंच कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असं लिहिताना चुकलं तर घरी कुणी सांगणारंही नाही. पण त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, म्हणून लिहिते.

शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या माडीवर मी आणि सरिता खोली घेऊन राहत होतो. खाली जिन्याला लागून दोन खोल्या होत्या, तिथं मामा एकटे राहायचे. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यावर पुस्तक घेऊन बसले होते. खालून आवाज आला.

"ए पोरी, गाव कुठलं तुझं?"

"गारगोटीच्या पुढं."

"मग गारगोटी, उजेडाकडं पाठ करून का बसलीयास? पुस्तकावर तुझीच सावली पडतीया. वळ की जरा."

मी वळले. अक्षरं खरंच मोठी झाल्यासारखी वाटली. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी रूपाली म्हटलं नाही, गारगोटीच म्हटलं. मला पहिल्यांदा राग यायचा. गावाच्या नावानं हाक मारली की आपण अजून एसटीतून उतरलोच नाही असं वाटतं. एकदा तसं बोललेही. तर म्हणाले, "येडी हायस. गारगोटी आपटली की ठिणगी पडतीया. रूपाली आपटून काय पडणार?"

ते बुटके होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. तीस वर्षं कॅमेरा वाहून तो तसा झाला होता. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक निळी काच असायची, रुपयाएवढी. गल्लीतल्या बायकांना तो ताईत वाटायचा. ती काच डोळ्याला लावून ते भरदुपारी रस्त्याकडं बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. त्यांच्याकडं उजेड मोजायचं यंत्र कधीच नव्हतं. हात उताणा करून तळव्यावर बोटाची सावली पाडायची, ती बघायची आणि म्हणायचं, "हं." झालं मोजून.

बोलणंही असंच कमी. कुणी लांबण लावली की हात वर करायचे, "बास. रीळ संपलं." दर रविवारी त्यांच्या मुलीचा, वैशूताईंचा, इचलकरंजीहून फोन यायचा. मामा उभ्यानंच घ्यायचे. "व्हय. जेवलो. औषध घेतलं. ठेव." पलीकडून ताई काहीतरी बोलत असतानाच फोन ठेवलेला असायचा. मी एकदा विचारलं, "मामा, त्या अजून बोलत होत्या ना?" तर म्हणाले, "कामाचं झाल्तं की."

ही सवय त्यांना रिळानं लावली होती. ते ज्या सिनेमांना कॅमेरा लावायचे, त्यांच्याकडं फिल्म इतकी थोडी असायची की मोठ्या कंपन्यांनी वापरून उरलेले तुकडे आणून काम भागवायचं. त्यामुळं दिग्दर्शकानं 'कट' म्हणायच्या आधीच मामांचं बोट बटणावरून उचललेलं असायचं. यात त्यांचं नाव होतं. लोहाराला कॅमेऱ्यावर उभा करा, एक फूट वाया जाणार न्हाय, असं लोक म्हणायचे म्हणे.

सिनेमे राक्षसांचे. पहिल्या वर्षाला आम्हाला 'आपल्या परिसरातील कलावंत' यावर चार पानं लिहायला सांगितली होती. मी मामांवर लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. "श्री. लोहार यांनी भुताच्या चित्रपटांचे छायाचित्रण केले," इथंच त्यांनी थांबवलं.

"भुताचं न्हवं. राक्षसाचं."

"फरक काय मामा?"

"भूत फुकट येतंय. पांढरं लुगडं नेसवलं की झालं भूत. राक्षसाला पोती लागत्यात. काथ्या लागतोय. आत माणूस लागतोय, त्येला घाम येतोय. खोड ते."

मी खोडलं.

राक्षस तयार करायची रीत त्यांनी त्याच वेळी सांगितली. सात-आठ पोती उसवून अंगरखा शिवायचा, त्यावर डिंकानं काथ्या चिकटवायचा, वर काळा रंग. आत शिरणारा हिंदुराव नावाचा एक तालमीतला पैलवान होता. उरलं तोंड. 'कातळदैत्य' नावाच्या सिनेमासाठी ते गणपती करणाऱ्या एका कुंभाराकडं दिलं. बिचाऱ्यानं तीनदा तोंड केलं. दात लावले, शिंगं लावली, भुवया वर चढवल्या. पण डोळे रंगवायला बसला की त्याचा हात आपोआप गणपतीचेच डोळे काढायचा. शांत, पाणीदार, लोकांचं भलं चिंतणारे.

"सुळं असं ईतभर, आन् डोळं बघशील तर हात जोडावंसं वाटाय लागलं," मामा सांगत होते. "लायटीवाला खरंच पाया पडला की. सायेब, म्हंजे आमचं डायरेक्टर, डोकं धरून बसलं. म्या म्हटलं, सायेब, तोंड दाखवायचंच न्हाय. पाठ दाखवू, पाय दाखवू, सावली दाखवू. आन् जे काय दाखवायचं ते अंधारात."

हा अंधार मामांचा खास. रात्री शूटिंग करायचं तर जनरेटर हवा, मोठे दिवे हवेत. ते परवडायचं नाही. म्हणून मामा रात्र दुपारी काढायचे. पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठारावर भर उन्हात कॅमेरा लावायचा. भिंगापुढं निळी काच, आभाळ चौकटीच्या बाहेर, आणि भिंगाचं तोंड इतकं बारीक करायचं की ऊन मरून जावं. थिएटरात बघणाऱ्याला वाटावं, चांदणं पडलंय आणि राक्षस निघालाय. प्रत्यक्षात राक्षस बारा वाजता उन्हात चटके सोसत चालायचा आणि शॉट झाला की झुडपाच्या सावलीत बसून भाकरी खायचा. दिग्दर्शक नेहमी म्हणायचे, लोहार, थोडा उजेड वाढवा, काही दिसणार नाही. मामा वाढवायचे नाहीत. "उजेड समद्यांस्नी काढता येतोय," असं ते मला म्हणाले होते. एवढी एकच गोष्ट ते जरा मान ताठ करून सांगायचे.

बायकोबद्दल मात्र कधी बोलले नव्हते. भिंतीवर लग्नातला एक फोटो होता, दोघं खुर्च्यांवर बसलेली, दोघांचेही डोळे विस्फारलेले. त्या वैशूताई लहान असतानाच वारल्या, एवढं घरमालकीणबाईंकडून कळलं होतं.

यंदा नवरात्रात वैशूताई देवीच्या दर्शनाला आल्या. बरोबर त्यांची मुलगी तनुजा, बारावीतली. मामांनी मला चहाला खाली बोलावलं. तनुजा आतून कपबशा घेऊन आली, तेव्हा मामा तिच्या पायांकडं बघत होते.

"ही चालाय लागली की शालन चालल्यागत वाटतंय," ते म्हणाले.

"असेल," वैशूताई म्हणाल्या. "आम्हाला काय माहीत?"

"म्हंजे?"

"म्हणजे काय आण्णा? मी दोन वर्षांची होते. फोटोत ती बसलेली आहे. मला ती चालताना आठवत नाही, हसताना आठवत नाही. जगातले सगळे राक्षस काढलेत तुम्ही. माझ्या आईचं एक पाऊल काढलं नाहीत."

मी उठायला लागले. असं घरातलं बोलणं ऐकत बसू नये. पण मामांनी हातानं मला बसवलं. हातातली चहाची बशी त्यांनी खाली ठेवली.

"काढलंय," ते म्हणाले. "धा-पंधरा पावलं."

वैशूताईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग मामांनी जे सांगितलं ते मी इथं जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"'कातळदैत्य'चं काम चालल्तं. तुझी आय आमच्या लोकांचं जेवाण करायची. अकरा माणसं हुती. पिठलं, भाकरी, खर्डा. तू पाळण्यात, तुला आजीकडं ठिऊन जेवणाच्या जीपमधनं वर यायची. त्या दिवशी हिंदुराव आलाच न्हाय. कुठल्यातरी जत्रंत त्येची कुस्ती ठरल्याली, न सांगता गेला ते गेला. ऊन चढाय लागलं. म्हटलं आता दिवस गेला. तर ही म्हणाली, 'मी शिरू काय आत? उंची तेवढी हाय की.' सायेब हसाय लागलं. म्या म्हटलं, शिर."

"आईला?" वैशूताई म्हणाल्या. "राक्षसाच्या आत?"

"व्हय. कातळाच्या फटीतनं निघायचं, सरळ चालत यायचं, वळायचं. एवढंच. पण त्ये डोस्कं लई जड. ते घसराय लागलं म्हणून तिनं एक हात वर लावला आन् मान ताठ करून चालाय लागली. घागर घिऊन चालत्यात तशी. सायेब वरडलं, 'अहो, राक्षस पाण्याला निघालाय काय?' म्या म्हटलं आसू दे, न हलणारी मान बघून माणूस ज्यादा भितंय. एका टेकमधी झालं. आन् मग..."

तनुजा दारात तशीच उभी होती.

"मग तिनं डोस्कं काढलं. केस समदं कपाळाला चिकटल्यालं. तोंड लाललाल. आन् हसाय लागली. 'अहो, आत लई गदगदतंय हो, राक्षस जगतोय तरी कसा!' असं म्हणाली. कॅमेऱ्याकडंच बघून. पर तवर माझं बोट उचलल्यालं."

"परत चालू करायचा," वैशूताईंचा आवाज चढला होता. "दोन सेकंद, आण्णा. दोन सेकंद!"

"शॉट झाल्ता की गं. रीळ निर्मात्याचं. दुसऱ्याच्या रिळावर आपली बायकू कशी काढायची?" आणि मग हळू आवाजात, "म्हटलं, घरी हायच की ती. कवाबी बघू."

दीड वर्षानं वैशूताईंच्या आईला कावीळ झाली आणि आठ दिवसांत त्या गेल्या.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीत मला?"

"काय सांगायचं, तुझ्या आयला राक्षस केल्ती म्हणून?"

वैशूताई उठून मोरीपाशी गेल्या आणि नळ सोडून तोंड धुत राहिल्या. परत आल्यावर त्यांनी एकच विचारलं. "तो सिनेमा कुठं मिळेल?"

मिळण्यासारखा नव्हता. निर्माता कधीचा वारला होता. मामा त्याच्या मुलाकडं जाऊन आले, तर रिळांचे डबे गंजून फुगले होते आणि आतली फिल्म गुळासारखी चिकटून बसली होती. मामांनी तिचा वास घेतला आणि डबा परत झाकला. मग इंटरनेटवर शोधायचं काम माझ्याकडं आलं. मला त्यातलं फार येत नाही, पण रोज कॉलेजातून आल्यावर मी बसायचे. नाव मराठीत टाकून बघितलं, इंग्रजीत टाकलं, चुकीचं टाकलं. मामा जिन्याखालून विचारायचे, "गारगोटी, काय गावलं?" मी नाही म्हणायचे. ते "आसू दे" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

तिसऱ्या आठवड्यात सापडला. कुणीतरी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून टाकला होता, नावही चुकीचं होतं. पण सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये ओळ आली, 'छायालेखन : यशवंत लोहार'. मी पुढं बघितलाच नाही. पहिल्यांदा त्यांनी बघायला पाहिजे, माझ्या मनात एवढंच होतं. नंतर मला वाटत राहिलं, आधी बघायला हवा होता.

रविवारी दुपारी वैशूताई आणि तनुजा आल्या. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीतून उजेड येत होता, म्हणून त्यांनी स्वतः स्टुलावर चढून तिच्यावर सतरंजी टांगली. मग तळहात उताणा करून मोबाइलपुढं धरला. "हं," म्हणाले. आम्ही चौघं एका पलंगावर दाटीवाटीनं बसलो. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता.

सिनेमा फार चांगला नव्हता, खरं सांगते. नायिका गाणं म्हणत करवंदं तोडत होती. तनुजाला एकदोनदा हसू आलं, मामाही हसले. "हिला करवंदाचा चीक लागून खाज सुटल्याली," म्हणाले. वैशूताई हसत नव्हत्या. हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"आता," मामा म्हणाले. "ह्यो म्हातारा पळाला की फुडचा."

म्हातारा पळाला. आणि पडदा काळा झाला.

मला वाटलं मोबाइल बंद पडला. मी बोट लावलं. चालू होता. उजेडाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. काळं थोडं करडं झालं, त्यात मुंग्या आल्यासारखं काहीतरी हललं, बस. आतून फक्त राक्षसाची डरकाळी येत होती. ती नंतर कुणा पुरुषाच्या आवाजात भरलेली होती. मग चित्र परत आलं आणि नायक गावात धावत आला.

मामा म्हणाले, "उजेड लई खाली धरल्ता म्या. सायेब म्हणाल्तं, उजेड वाढवा. आयकलं न्हाय. टाकीत, मोठ्या पडद्यावर, दिसत हुतं, वैशू. देवाशप्पथ दिसत हुतं. मान, हात, समदं. कॅसेटीत उतरलं न्हाय त्ये." त्यांनी गळ्यातली काच मुठीत धरली होती. "मीच काळं केलं."

वैशूताई म्हणाल्या, "परत लाव, रूपाली."

मी लावलं. म्हातारा पळाला, पडदा काळा झाला. या वेळी मामा पुढं वाकले आणि काळ्या पडद्यावर बोट ठेवलं. "हितं कातळ. आली बघ. एक... दोन... हितं खड्डा हुता, त्येला वळसा घातला... हात वर हाय, उजवा... चार... पाच..." बोट हळूहळू पडद्यावरून सरकत होतं. एका ठिकाणी थांबलं. "हितं वळली."

"परत," वैशूताई म्हणाल्या.

चौथ्यांदा झाल्यावर त्यांनी मामांकडं तोंड वळवलं. आवाज रागाचा नव्हता. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं. "आण्णा, पण चालायची कशी?"

मामांनी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द नीट सापडेनात. "डावा पाय जरा भाईर... न्हवं, भाईर न्हवं..." मग ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. उतरलेला उजवा खांदा त्यांनी वर ओढला, पाठ सरळ केली, उजवा हात डोक्यावर नेला आणि न दिसणारं काहीतरी धरलं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं दिवाळीसाठी गावाला आले. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

ते चालायला लागले. मान अजिबात हलत नव्हती. डावं पाऊल टाकताना टाच किंचित आत वळत होती आणि कमरेला एक हलका झोल येत होता. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस होता, पांढऱ्या मिशांचा, पण ते चालणं बाईचंच होतं. ज्या बाईला आपल्याकडं कुणी बघतंय हे माहीत आहे आणि त्याची गंमत वाटतेय, अशा बाईचं. तनुजानं तोंडावर हात ठेवला. वैशूताई पापणी न हलवता बघत होत्या.

खोली लहान होती. दारापाशी जाऊन ते वळले. आता दोन्ही हात डोक्याकडं गेले, जड काहीतरी वर उचलायला जावेत तसे. उचललं. हात तसेच वर राहिले. ओठ थोडे हलले, हसू येतंय असं वाटलं, आणि तिथंच सगळं थांबलं.

"हितनं फुडं मला येत न्हाय गं," मामा म्हणाले.

वैशूताई उठल्या आणि त्यांनी मामांचे वर राहिलेले दोन्ही हात धरून खाली आणले.